धर्माच्या रकान्यात बुधवार

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. घरचे म्हणतात, हिचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि त्यात काही खोटं नाही. पण माझ्या एकोणिसाव्या वर्षी मी सलग नऊ बुधवार एका सरकारी खिडकीपुढे गप्प उभी राहिले. एवढा राग मी त्याआधी कधी गिळला नव्हता आणि त्यानंतरही गिळला नाही.

हैदराबाद राज्याची तीन प्रांतांत वाटणी झाली, तेव्हाचे हे दिवस. मराठवाडा मुंबईकडे गेला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले आणि आम्ही राहत होतो ते सिकंदराबाद आंध्रात आलं. माझे वडील, आम्ही त्यांना बा म्हणायचो, एका कचेरीत दफ्तरी होते. फायली शिवायच्या, गठ्ठे बांधायचे आणि प्रत्येक फायलीच्या पाठीवर उर्दूत नाव घालायचं, हे त्यांचं काम. त्या वर्षी कचेरीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच उद्योग चालला होता. औरंगाबादच्या फायली एकीकडे, गुलबर्ग्याच्या दुसरीकडे. फायलींच्या मागोमाग कारकूनही निघाले. आज हा गेला, आज तो गेला, असं बा घरी येऊन सांगायचे. त्यांनी स्वतः इथेच राहायचं ठरवलं, कारण आमची ही इथली तिसरी पिढी होती आणि गावाकडे आमचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. पण त्यांच्या नोकरीची दोनच वर्षं राहिली होती. माझ्या पाठचे दोघे भाऊ अजून शाळेत होते. म्हणजे दोन वर्षांच्या आत घरात दुसरं कुणीतरी कमावतं व्हायला हवं होतं, आणि ते कुणीतरी मी होते.

मी मराठी शाळेतून मॅट्रिक झाले होते. शाळेत उर्दू सक्तीची होती, त्यामुळे अडखळत का होईना, वाचता यायची. पण वाटणीबरोबर कचेऱ्यांमधून उर्दू मागे पडत चालली होती आणि जिथे तिथे इंग्रजी टायपिंग येणाऱ्यांना मागणी होती. मला ते येत नव्हतं आणि खासगी वर्गाची फी आम्हाला झेपणारी नव्हती. बांनीच बातमी आणली, की नोकरी नोंदणीच्या कार्यालयात नाव घातलं तर तिथूनच निवड करून मुलींच्या सहा महिन्यांच्या टायपिंगच्या वर्गाला फुकट घेतात. वर्ग हैदराबादेत जामबाग वस्तीत भरायचा होता. मशीनं बारा होती, म्हणून जागाही बारा. त्यातली एक मला हवी होती.

नोंदणीचा फॉर्म उर्दूत होता. नवे छापून यायचे होते, तोवर जुनेच चालवत होते. बांनी तो घरी आणला, हात धुतले, पाटावर कागद ठेवला आणि लिहायला बसले. ‘मजहब’ असा धर्माचा रकाना आला तेव्हा ते थांबले. त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी बा नागपूरला जाऊन आले होते आणि आम्ही बौद्ध झालो होतो. धर्म आणि जात विचारणाऱ्या रकान्यात आजवर ते जे लिहीत आले होते, ते लिहिताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते मी पाहिलेलं होतं. आता नवा शब्द सरकारी कागदावर ते पहिल्यांदाच लिहिणार होते. उर्दूतली बे, दाल आणि ‘दोचश्मी हे’. तीन अक्षरं. फायलीच्या पाठीवर घालायचे तशी ठसठशीत घातली आणि शाई वाळेपर्यंत कागदाकडे बघत बसले.

“झालं बाई,” मला म्हणाले, “आता खाली सही कर.”

खिडकीवरच्या कारकुनाने फॉर्म घेतला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, मला एक कार्ड दिलं आणि त्यावर पेन्सिलीने काहीतरी खरडलं. “बुध कू आओ,” तो म्हणाला. बुधवारी ये. कार्डावरही बुधच लिहिलेलं होतं. सरकारने मला बुधवार नेमून दिला, असं मी समजले. एवढी माणसं येतात, तर कुणाला सोमवार, कुणाला बुधवार वाटून दिला असेल, त्यात काय विशेष?

बुधवारी गेले. “अगले बुध कू देखो.” पुढच्या बुधवारी गेले. पुन्हा तेच. सिकंदराबादहून बसने कोठीला उतरायचं, तिथून चालत जायचं, रांगेत उभं राहायचं आणि दोन शब्द ऐकून परत फिरायचं. मध्येच एकदा मंगळवारी गेले, तर खिडकीतून उत्तर आलं, “तुमारा दिन बुध है ना? फिर आज कायकू आये?” माझ्यानंतर नाव घातलेल्या मुलींना वर्गासाठी बोलावणं आलं, हे मला रांगेतच कळलं. बारापैकी नऊ जागा भरल्या. माय म्हणाली, “त्या खिडकीवाल्याला जरा नीट इचार की. सारखी तोंड मिटून परत येतीस.” मी तोंड उघडलं असतं तर जे बाहेर पडलं असतं, त्याने उरलेल्या तीन जागाही गेल्या असत्या, म्हणून मी तोंड मिटलेलं होतं.

नवव्या बुधवारी खिडकीत दुसराच माणूस होता. आधीच्या कारकुनाची औरंगाबादेला बदली झाली होती. हा वयस्कर, पांढऱ्या दाढीचा, तोंडात पान. माझं कार्ड बघून हसला. “बुधवाले बीबी! बैठो, बैठो.”

म्हणजे माझं नावच बुधवाली बीबी पडलं होतं. तिथे माझा संयम सुटला. मी विचारलं, मला बुधवार दिला कुणी?

“कोई नहीं दिये. तुमीच मांगे,” तो म्हणाला. “देखो, तुमीच लिखे.” त्याने मागच्या फळीवरून एक गठ्ठा काढला. गठ्ठ्यावर अपुरे फॉर्म अशी चिठ्ठी होती. त्यातून माझा फॉर्म ओढून त्याने माझ्यापुढे धरला. “मजहब का खाना खाली छोडे, उसमें दिन लिख दिये. बुध बोलके. खाना खाली रहा तो फारम आगे कैसा जाएगा?” म्हणजे धर्माचा रकाना रिकामा, असं त्याचं म्हणणं.

मी रकान्यातली अक्षरं पुन्हा वाचली. उर्दूत आमच्या धर्मालाही बुद्धच म्हणतात, आणि बुधवारचा बुध आणि हा बुद्ध अगदी एकसारखे लिहितात. वर जोडाक्षराची छोटी खूण घातली तरच फरक कळतो, आणि बांनी ती घातली नव्हती. जन्मभर फायलींवर नावं घालणारा माणूस अशा खुणांच्या भानगडीत पडत नाही, वाचणाऱ्याला कळेलच असं धरून चालतो. वाचणाऱ्याला काही कळलं नव्हतं. बौद्ध नावाचा धर्म या रकान्यात येऊ शकतो, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याला वाटलं, मी सोयीचा वार कळवला आहे. मला वाटलं, सरकारने नेमून दिला आहे. आणि आम्ही दोघं नऊ आठवडे एकमेकांचं ऐकत होतो.

“ये वार नहीं है!” मी ओरडले. “ये हमारा मजहब है! बौद्ध! हम लोग बौद्ध हैं!”

सगळी रांग माझ्याकडे वळली. मला रडू आलं नाही. मला त्या खिडकीचे गज उपटावेसे वाटत होते.

म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, फॉर्म पुन्हा वाचला. “तौबा,” एवढंच म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने मला समजावलं, आणि त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, हे मी आजही सांगेन. उरलेल्या तीन जागांपैकी एक राखीव होती. तिला कुणी उमेदवारच आला नव्हता. मी पूर्वीची जात लिहिली, तर आत्ताच्या आत्ता ती जागा माझी. बौद्ध हे नाव मात्र त्याच्या यादीत नव्हतं. ते लिहिलं तर खुल्या दोन जागांसाठी इतरांबरोबर परीक्षेला बसावं लागणार होतं.

“मैं लिखदेतूं बीबी,” तो पेन उचलून म्हणाला. “एक लफ्ज का तो सवाल है. क्या फरक पडता?”

मी फॉर्म त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, उद्या आणते. उद्या गुरुवार होता, पण तो काही बोलला नाही.

घरी मी सगळं सांगितलं. बुधवारचं ऐकून बा आधी हसले, आणि मग फॉर्म हातात घेऊन आपलीच तीन अक्षरं बघू लागले. चूक आपल्या हातून झाली, नऊ आठवडे आपल्यामुळे गेले, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

माय मात्र लगेच म्हणाली, “लिवू दे की त्याला काय लिवायचं ते. घरात आपण कोण हावो ते आपल्याला ठाव हाय. जागा घे आधी. दोन वर्षांनी या दोघांच्या शाळेचं काय करायचं?”

तिचं चुकत नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला. बांकडे बघितलं. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी लिहिलं असतं, आणि नाही म्हटलं असतं तर माझ्यावरचा भार उतरला असता. पण ते म्हणाले, “कार्ड तुझं हाय. शिकायचं तुला हाय. तू ठरव.”

मी ठरवलं. त्यात मोठेपणा होता असं मला वाटत नाही. बांची ती तीन अक्षरं माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती, आणि ती खोडून त्यांच्या जागी पूर्वीचा शब्द लिहायला माझा हात धजावत नव्हता, एवढंच. मी त्या तीन अक्षरांपुढे इंग्रजीत बौद्ध असं लिहिलं, म्हणजे आता कुणी त्याचा सोमवार किंवा शुक्रवार करायला नको. माय आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

परीक्षेत इंग्रजी श्रुतलेखन आणि थोडं गणित होतं. इंग्रजी वर्तमानपत्र मागून आणून मी दहा दिवस घोकत होते. दोन जागांसाठी मी तिसरी आले.

आता सांगायला सोपं वाटतं. त्या दिवशी निकालाच्या कागदापुढे उभी होते, तेव्हा माय बरोबर होती आणि मी गाढव होते, असंच मला वाटत होतं. मी घरी गेले नाही. कोठीपर्यंत चालत गेले, बसच्या थांब्यावर उभी राहिले, दोन बस सोडल्या आणि उलट फिरून जामबागेत वर्गाच्या खोलीत गेले. वर्ग दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता. शिकवणारे सर तेलुगू होते, सैन्यातल्या कचेरीतून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे. ते मशीनं मांडत होते. अकरा मशीनं दोन रांगांत मांडून झाली होती. बारावं कोपऱ्यात खोळ घालून ठेवलं होतं.

“ते कुणाचं?” मी विचारलं.

“राखीव सीट का है. आदमी नहीं आया,” सर म्हणाले.

मी त्यांना सगळं सांगितलं, बुधवारपासून निकालापर्यंत. मी विनंती करायला गेले होते, पण माझ्या आवाजावरून ते भांडणच वाटलं असणार. शेवटी म्हटलं, मला दाखला नको, हजेरीत नाव नको. हे मशीन सहा महिने खोळ घालून ठेवणार आहात, त्यावर मला फक्त बसू द्या.

सरांनी बाराव्या मशीनची खोळ उचलून बघितली. “मशीन बंद रखा तो जाम हो जाता, अम्मा,” ते म्हणाले. “रोज आधा घंटा पहले आना. बारा के बारा मशीन साफ करना. बाद में बारा नंबर पर बैठना. कोई पूछा तो मशीन साफ करने वाली है, ऐसा मैं बोलेगा.”

मी दुसऱ्या दिवसापासून जाऊ लागले. सकाळी खोली उघडायची, बाराही मशीनं कापडाने पुसायची, अक्षरांच्या दांड्यांत अडकलेली शाई ब्रशाने काढायची, खोळी घडी करून ठेवायच्या. मग बाराव्या मशीनवर बसायचं. हजेरी अकराव्या नावाशी थांबायची आणि माझी बोटं सुरू व्हायची. सुरुवातीला करंगळीने जीव खाल्ला. ए अक्षर उमटायचंच नाही. घरी मी पोळपाटावर बोटं चालवायचे, आणि एक दिवस माय न बोलता पोळपाट माझ्यापुढे सरकवून परातीतच भाकरी थापायला लागली. तेव्हा मला कळलं, की आमचं भांडण मिटलं.

अकराव्या मशीनवर माझ्या शेजारी एक मराठी मुलगी होती. तिचे लोक मराठवाड्यातले, जमीनजुमला असलेले. वडिलांनी दिलसुखनगरकडे दुकान घातलं होतं. वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात जमलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून कुणाला काही कळायचं नाही, आणि तिने कधी विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मी ते टाळलं. दुपारी आम्ही डबे एकत्र उघडायचो. तिच्याकडे धपाटे असायचे, माझ्याकडे भाकरी आणि मायच्या हातची शेंगदाण्याची चटणी. त्या चटणीवर तिचा फार जीव. “तुझ्या आईला म्हणावं, उद्या थोडी जास्त दे,” असं ती रोज म्हणायची. माझा वेग तिच्यापेक्षा कमी होता आणि ती मला चिडवायची, “तुझी बैलगाडी कुठवर आली गं?” मी कुणाचं चिडवणं खपवून घेत नाही, पण तिचं घ्यायचे.

पाचव्या महिन्यात नोंदणी कार्यालयाचे मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी हजेरीचं पुस्तक बघितलं, मग खोलीभर नजर फिरवून बोटाने मशीनं मोजली. “पुस्तकात अकरा नावं आणि इथे बारा जणी?” त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी कापडाकडे हात नेला. सफाईवाली म्हणून उठायची माझी तयारी होती.

पण सर उठून उभे राहिले. “मशीन खाली नहीं है, साहब,” ते म्हणाले. “रजिस्टर खाली है.” आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी मला एक उतारा दिला. मी टाइप केला. कागदाकडे बघून त्यांनी पेन मागितलं आणि पुस्तकात बारावी ओळ आखली. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मग धर्माच्या रकान्यावर पेन ठेवून म्हणाले, “ही जागा राखीव होती. पूर्वीची जात लावता येईल. लिहू?”

खोलीतली टकटक केव्हाच थांबली होती. अकरा जणी ऐकत होत्या. कागदावर मी तो शब्द लिहिला होता, खिडकीत ओरडलेही होते, पण तिथली माणसं परकी होती. इथे मला रोज येऊन बसायचं होतं.

“नाही,” मी म्हटलं. “बौद्ध लिहा.”

पाच महिन्यांत जिला उमेदवार आला नाही ती जागा आता खुली धरू, असं म्हणून साहेबांनी तसंच लिहिलं आणि खाली सही केली. मी दुपारी डबा उघडला. शेजारची म्हणाली, “मला आज भूक नाही.” तिने तिचा डबा उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशी ती व्हरांड्यात जाऊन जेवली. कचेरीला नऊ बुधवार जो शब्द वाचता आला नव्हता, तो तिने एकदाच ऐकला आणि तिला सगळं कळलं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. घरी मायने डब्यातली उरलेली चटणी बघून विचारलं, “का गं, मैत्रीण आली न्हाई?” मी म्हटलं, आली होती.

पुढे मला दाखला मिळाला, आणि बांच्या निवृत्तीआधी चार महिने सिकंदराबादच्या एका कचेरीत नोकरीही लागली. भाऊ शिकले. पण त्या वर्गाची आठवण निघाली, की मला दाखल्याचा दिवस आठवत नाही, त्याच्या आधीच्या आठवड्यातली एक सकाळ आठवते.

नाव पुस्तकात चढल्यावर सर मला म्हणाले होते, “अब तुम स्टुडंट है अम्मा, कपडा नीचे रखो.” मशीनं पुसायचं काम त्यांनी बाराही जणींना एकेक दिवस वाटून दिलं. त्या सकाळी पाळी माझ्या शेजारणीची होती. मी वेळेवर आले. अकरा मशीनं लखलखत होती, खोळींच्या घड्या नीट रचलेल्या होत्या. बाराव्या मशीनवर खोळ तशीच होती. ती काढली तर आत आदल्या दिवशीचे खोडरबराचे कण आणि शाईचे डाग. ती अकराव्यावर बसून कागद चढवत होती आणि कागद काही केल्या सरळ बसत नव्हता.

माझ्या तोंडापर्यंत बरंच काही आलं. मी पदराला हात पुसले, रुमाल काढला, मशीन पुसलं, कागद चढवला आणि बसले. सरांनी घड्याळ लावलं. त्या दिवशी माझा वेग पहिल्यांदा मिनिटाला चाळीस शब्दांच्या वर गेला. मध्येच शेजारची टकटक थांबली आणि ती माझ्या बोटांकडे बघते आहे हे मला कळलं, पण पान संपेपर्यंत मी मान वर केली नाही.